सपाट वाट सोपी असते म्हणे! (कालवे, नदीकाठ आणि खडी-मातीवरची ग्रॅव्हल सायकल)

काठकाठाने

सायकलवाल्यांच्या गप्पांत चढाला भलताच मान. कुणी १५०० मीटर चढून आला की वाहवा, आणि कालव्याकाठाने सपाटीवर १०० किमी मारून आलेल्याची "छान, निवांत झाली असेल राईड" एवढ्यावर बोळवण. मी मुद्दाम सपाट आणि कच्च्या वाटा शोधून चालवणाऱ्यांपैकी आहे. या वाटांची तयारी चढाच्या तयारीपेक्षा वेगळी असते आणि ती कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आधी वाट सपाट का, ते. जुने कालवे मालवाहतुकीसाठी खणलेले. इंजिनं यायच्या आधी बोट ओढायला घोडा नाहीतर खेचर, आणि त्याला चालायला पाण्याला खेटून वाट. हाच टोपाथ. पाणी चढत नाही, म्हणून वाटही चढत नाही. सुरुवातीच्या काळात टेकडी फोडण्यापेक्षा तिच्या कडेकडेने एकाच उंचीवरून वळसे घालत जाणं स्वस्त पडायचं. इंग्लंडातल्या ऑक्सफर्ड कालव्याचा दक्षिण भाग अजून तसा नागमोडी आहे. पुढच्या पिढीतल्या इंजिनियरांनी भराव घालून, खिंडी खणून सरळ रेघा मारल्या. जिथे पातळी बदलणं भागच होतं तिथे लॉक: दोन दारांमधल्या हौदात पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट वर नाहीतर खाली. सायकलवाल्याला चढ लागतो तो फक्त इथे, दोन-चार मीटरचा. अपवाद असतातच. इंग्लंडातल्याच केनेट अँड एव्हन कालव्यावर केन हिलला सुमारे ३ किमीत २९ लॉक आहेत आणि ७२ मीटरचा फरक आहे. पण अमेरिकेतला सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालवा घ्या. कंबरलँडपासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत २९७ किमी, आणि एकूण उतार १८४ मीटर. किलोमीटरला जेमतेम ६२ सेंटिमीटर! तो उतार पायांना कळत नाही.

आता मुद्दा. चढाच्या राईडमध्ये उतारही असतो. उतारावर पाय थांबतात, बूड सीटवरून उचललं जातं, हात ब्रेकवर जातात, पाठीचा कोन बदलतो. सपाटीवर यातलं काहीच आपोआप होत नाही. ८५ च्या कॅडन्सने (मिनिटाला पॅडलचे ८५ फेरे) चार तास म्हणजे २० हजारांच्या वर पॅडलं, सगळी एकाच बैठकीत, जवळपास एकाच जोरात. आणि कच्च्या वाटेवर सायकल फुकट घरंगळतही नाही, पाय थांबला की ती मंदावते. त्यामुळे दम लागत नाही, धाप लागत नाही, पण ६० किमीनंतर तळहात, मान आणि बूड मिळून मोर्चा काढतात.

दुसरं म्हणजे वारा. त्यावर स्वतंत्र प्रतिसादात लिहितो, इथेच लिहिलं तर धागा मारुतीचं शेपूट होईल.

मंडळी, आपापले अनुभव लिहा. टायर, हवा, वाटेवरची माणसं, जे सुचेल ते.

दुपारचीझोप

वाखुसा (वाचनखूण साठवली).

चढवेडा

लेख आवडला, मत पटलं नाही. सपाटीवर थकवा येतो तो कंटाळ्याचा, त्याला शरीरशास्त्राचा मुलामा कशाला? डावीकडे पाणी, उजवीकडे झाडं, ५० किमी तेच. चढावर माणूस स्वतःशी झगडतो. इथे फक्त घड्याळाशी.

काठकाठाने

@चढवेडा, वाऱ्यावर लिहायचं होतंच, ते तुमच्यासाठीच लिहितो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो वेग म्हणजे तुमचा अधिक समोरच्या वाऱ्याचा. तुम्ही २० ने चाललात आणि समोरून २० चा वारा आला, तर अंगावर ४० ची हवा. विरोध चौपट. चढ निदान दिसतो तरी, माथा कुठे आहे हे कळतं. वाऱ्याला माथा नसतो. सरळ रेघेत जाणाऱ्या कालव्यावर किंवा पूरबांधावर तो तीन तास समोरूनच असतो, आणि वळण नाही म्हणजे सुटकाही नाही.

"जाताना समोरून, येताना पाठीमागून, हिशेब बरोबर" हे तर साफ चूक. ४० किमी जाताना १६ ने गेलात, येताना २४ ने आलात. सरासरी २० वाटते ना? अडीच तास अधिक एक तास चाळीस मिनिटं. एकूण चार तास दहा मिनिटं. वारा नसता तर २० ने चार तासच लागले असते. संथ भागात आपण जास्त वेळ अडकतो, म्हणून वारा नेहमी काहीतरी कापून घेतो.

नेदरलँड्समध्ये समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धाच भरते. ओस्टरस्खेल्डेकेरिंग या समुद्राच्या बंधाऱ्यावर ८.५ किमी, तीही बिनगिअरच्या, ताठ बसायच्या साध्या सायकलींवर. २०१३ साली पहिली झाली. वादळी वाऱ्याचा अंदाज आला की आयत्या वेळी जाहीर करतात. डोंगर नसलेल्या देशाने आपला डोंगर शोधून काढला!

चढवेडा

ही स्पर्धा बघायला हवी. कंटाळ्याबद्दलचं मत मात्र कायम.

नवीन_पॅडल

काठकाठाने, उत्तम माहिती. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. माझ्याकडे हायब्रिड सायकल आहे, टायर ३२ मिमी, ट्यूबवाले. चार दिवस कालव्याकाठाने जायचा बेत आहे, रोज ९० किमी. बहुतेक वाट बारीक खडीची आणि मातीची. सायकल बदलावी लागेल का? की टायर बदलून भागेल?

टोचणबहाद्दर

@नवीन_पॅडल, सायकल बदलू नका. आधी फ्रेममध्ये किती जागा आहे ते मोजा. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन्ही बाजू, मागे चेनस्टेच्या (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या आडव्या नळ्यांच्या) मध्ये आणि ब्रेकखाली, टायर लावल्यावर प्रत्येक ठिकाणी निदान ६ मिमी मोकळे राहायला हवेत. त्यात ३८ किंवा ४० चा टायर बसला तर काम झालं. ३५ च बसला तरी कोरड्या वाटेला चालेल.

टायरवर गुडघ्याएवढी नक्षी नको. क्रशरची कच दाबून केलेल्या वाटेवर मधोमध जवळपास गुळगुळीत आणि कडांना बारीक दाणे असलेला टायर सगळ्यात छान पळतो. मोठ्या गुठळ्यांचा टायर घ्यायचा तो चिखलासाठी, आणि चिकणमातीचा चिखल असेल तर तोही कामाचा नाही. चिकणमाती टायरला धरते, वर पाचोळा आणि खडी चिकटते, गोळा फोर्कमध्ये जाऊन बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मडगार्ड असेल तर आणखी लवकर थांबतं. सी अँड ओ कालव्याची वाट यासाठी प्रसिद्ध आहे. काही भागांत नवी कच घातली आहे, पण जिथे मूळ माती आहे तिथे मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस थांबलेलं बरं.

हवेबद्दल लोक फार हट्टी असतात. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तिथपर्यंत भरायचा आग्रह नसतो. ७०-७५ किलोचा माणूस, ४० मिमीचा टायर, ट्यूब असेल तर पुढे ३५ आणि मागे ३८ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूबलेस असेल तर आणखी चार-पाच कमी. सामान लादलं की मागे थोडी वाढवा. कडक टायर खडीवर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत तुमचा जोर वाया जातो, वर हाताला मुंग्या. फार कमी केलीत तर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

आणि काटे! कालव्याच्या एका बाजूला पाणी असतं, दुसऱ्या बाजूला बहुतेकदा काटेरी कुंपण. इंग्लंडात हॉथॉर्न या काटेरी झुडपाची कुंपणं शरद ऋतूत आणि हिवाळ्यात छाटतात, आणि छाटलेले तुकडे वाटेवरच पडतात. त्या दिवसांत ट्यूबलेस आणि ताजं सीलंट (टायरमध्ये ओतायचा, भोक बुजवणारा पातळ पदार्थ) नसेल तर पंक्चर काढतच पोचाल. सीलंट काही महिन्यांत आतल्या आत सुकतं. निघायच्या आधी चाक कानाशी धरून हलवा. आतून पातळ पदार्थ डचमळल्याचा आवाज आला पाहिजे.

निवांतस्वार

टोचणबहाद्दर यांच्याशी सहमत. एक भर: काटा टोचलेला दिसला की लगेच उपटू नका. ट्यूबलेसमध्ये तो तिथेच मोडून राहिला तर सीलंट त्याच्याभोवती धरतं. ट्यूब असेल तर मात्र टायर आतून बोटाने पूर्ण चाचपल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. हॉथॉर्नचं टोक रबरात मोडून बसतं, बाहेरून दिसतही नाही, आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

तीसदात

गिअरवर कुणी बोललं नाही अजून. ग्रॅव्हल सायकलींना पुढे एकच चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) द्यायची फॅशन आहे, पण सपाटीला ती त्रासदायक. गिअरमध्ये अंतर फार. वारा जरा वाढला की या गिअरला पाय भणभणतात आणि त्या गिअरला जड होतं. सपाटीला दोन चेनरिंगच हव्यात.

चेनवाली

@तीसदात, तक्रार खरी, निदान चुकलं. दात मोजा. शिमानोची ११ स्पीडची ११-४२ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), जी एक चेनरिंगवाल्यांना मिळते: ११, १३, १५, १७, १९, २१, मग २४, २८ वगैरे. आणि दोन चेनरिंगवाल्यांना मिळणारी ११-३४: ११, १३, १५, १७, १९, २१, मग २३, २५. सपाटीवर आपण वापरतो ते दात दोन्हींत सारखेच!

हिशेब सांगते. पुढे ४० दात, ४० मिमीचा टायर, कॅडन्स ८५. मागे १७ वर तुमचा वेग साधारण २६. वारा किंचित पाठीशी आला म्हणून १५ वर गेलात, तर त्याच वेगाला कॅडन्स ८५ ची ७५ होते. हा झटका गुडघ्याला जाणवतो. पुढे दुसरी चेनरिंग लावून तो जात नाही. तो जातो दाट कॅसेटने. १२-२५ सारख्या कॅसेटमध्ये १२ ते १९ एकेका दाताने चढत जाते. निव्वळ सपाटीच करणार असाल तर ती चैन करून बघा, पण आधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ती घेतो का ते तपासा. मोठ्या कॅसेटसाठी बनवलेले डिरेलर लहान कॅसेटवर कुरकुरतात.

चुनखडीच्या कचेबद्दलही सांगून ठेवते. कोरड्या दिवशी ती पिठीसारखी उडते आणि ओल्या तेलावर बसून चेनची घासणी होते. अशा वाटांवर मेणाचं लुब्रिकंट चांगलं, धूळ धरत नाही. ११ किंवा १२ स्पीडची चेन ०.५ टक्के ताणली गेली की बदला, नाहीतर कॅसेटही घेऊन जाते.

तीसदात

दात मोजले. सारखेच आहेत. कंपनीने आम्हाला काय विकलं मग?

चेनवाली

चढ विकला. :)

बांधावरची

मी सायकल चालवत नाही. रोज नदीच्या बांधावर चालायला जाते. धागा वाचून बरं वाटलं की एवढी अभ्यासू मंडळी आहेत, पण तुमच्यातल्या काहींना चालणारी माणसं दिसतच नाहीत. मागून आवाज न करता येतात, कोपराला वारा लागतो तेव्हा कळतं. एकदा घंटी वाजवून, ती विझायच्या आत, शेजारून निघून गेला एक जण. घंटी म्हणजे परवाना आहे का? मी कुठल्या बाजूला सरकणार हे ठरवायला मला दोन सेकंद लागतात. शेजारी कुत्रा असेल तर चार.

काठकाठाने

@बांधावरची, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. इंग्लंड-वेल्समधल्या टोपाथवर सायकलला परवाना लागत नाही, पण चालणाऱ्याला प्राधान्य हा तिथला लिखित नियम आहे. वाट दीड-दोन मीटरची. मी करतो ते सांगतो: ३० मीटरवरून एकदा घंटी, मग पॅडल थांबवायचं. पॅडल थांबलं की मागच्या चाकाच्या फ्रीहबची जी टिकटिक होते, ती माणसाला अंतर सांगते. समोरच्याने मागे वळून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. बघितलंच नाही तर कानात काहीतरी आहे असं समजून चालण्याच्या वेगावर यायचं आणि तोंडाने बोलायचं. वेळेच्या हिशेबात हे आधीच धरावं. गावाजवळच्या ५ किमीची सरासरी कुणाला दाखवायची नसते.

सरासरी मोजणाऱ्या ॲपवर टोपाथवरचे वेगाचे टप्पे आखणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल इथे न लिहिलेलंच बरं.

गळटाक्या

मासेमारांच्या वतीने. कालव्यावर आम्ही जो लांब पोल वापरतो तो १६ मीटरपर्यंत असतो, रीळ नसतं. मासा लागला की पोल मागे सरकवून तुकडे सुटे करावे लागतात, आणि मागे म्हणजे तुमच्या वाटेवर आडवा! कार्बनचा असतो, चाक गेलं की संपला. मासेमार पाठमोरा बसलेला असतो, त्यामुळे लांबून घंटी द्या आणि त्याने हात करेपर्यंत थांबा. शिव्या पडणार नाहीत.

निवांतस्वार

पुलांखालच्या जागेबद्दल लिहायला हवं. टोपाथ पुलाखाली शिरतो तिथे वाट अरुंद होते, कमान डोक्याशी येते, पलीकडचं दिसत नाही. कडेला लोखंडी पट्टी असेल तर थांबून जरूर बघा. वर्षानुवर्षं ओले, वाळूभरले दोर घासून तिच्यात बोटभर खोल खाचा पडलेल्या असतात. अंगठा आत बसतो. उतारावर विटांच्या उंच आडव्या ओळी असतात, घोड्याचा खूर घसरू नये म्हणून बसवलेल्या. आपल्या चाकाला त्या ओल्या असल्या की नेमकं उलटं करतात, म्हणून तिथे ब्रेक आधी मारून घ्यायचा आणि ओळींवरून सरळ जायचं.

पॅडलला अडकणारे क्लिपचे बूट असतील तर अशा जागी जमिनीकडचा पाय आधी सोडून ठेवा. तोल गेला तर जमिनीकडे जायला हवा. नजर पाण्यावर नको. जिथे बघाल तिथे सायकल जाते, हे चिखलात निभतं, कालव्यात निभत नाही. हँडलबारही फार रुंद नको, खाली फाकणारे ड्रॉप्स (हँडलबारचे खाली वळलेले भाग) टोकाला अर्ध्या मीटरच्या वर जातात.

अवांतर: वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते तिथे इंग्लंडातल्या मॅकल्सफील्ड कालव्यावर गोल वळसा घेणारे पूल आहेत. घोडा पूल चढतो, वळसा घेऊन त्याच पुलाखालून निघतो, आणि दोर एकदाही सोडावा लागत नाही. दगडी जिना न चढता सायकलही तशीच पलीकडे जाते.

स्नायूशास्त्री

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागालेखकाने तळहाताचा उल्लेख केला, तो गांभीर्याने घ्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होत असेल तर मनगटाशी करंगळीकडच्या बाजूने जाणारी अल्नर नर्व्ह दाबली जाते आहे. खडीची थरथर आणि तासन्तास एकच पकड, दोन्ही त्याला कारण. जाड टेप, कमी हवा, वाकवलेली कोपरं आणि दर दहा मिनिटांनी पकड बदलणं, एवढ्याने बहुतेकांचं भागतं. हूड्स (ब्रेकच्या दांड्यांवरची रबरी पकड), वरचा आडवा भाग, ड्रॉप्स, सगळं वापरा. हायब्रिडच्या सरळ हँडलबारवर हे अवघड, म्हणून @नवीन_पॅडल यांनी टोकाला शिंगं लावून घ्यावीत.

सीटचं नाक खाली झुकवून बसायची सवय असेल तर ती सोडा. माणूस पुढे घसरत राहतो आणि धडाचा सगळा भार हातावर येतो. बूड उचलायची वेळ सपाटीवर आपणच ठरवायची असते. मी रुग्णांना सांगते, प्रत्येक पुलानंतर वीस पॅडलं उभं राहून. एक-दोन दिवसांत बधिरपणा गेला नाही किंवा चिमटीत कागद धरवेना, तर राईड बंद आणि डॉक्टर.

काठकाठाने

प्रत्येक पुलानंतर! ही युक्ती उचलली.

हातधुवा

कालव्याच्या पाण्याबद्दल. साचलेलं, संथ पाणी आणि काठाला उंदीर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची शक्यता. ओल्या वाटेवर चाकाने उडालेलं पाणी थेट बाटलीच्या तोंडावर बसतं आणि आपण तीच चोखतो. झाकणाची बाटली घ्या. खरचटलेलं असेल तर झाका, खायच्या आधी हात धुवा, कालव्यात पाय बुडवून बसायची हौस जखम असताना नको. नंतर एक-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्या फार दुखायला लागल्या तर डॉक्टरांना कालव्याकाठच्या राईडचं आवर्जून सांगा. नाहीतर पोटऱ्यांचं खापर सायकलवर फुटतं आणि आठवडा जातो.

दुपारचीझोप

परत आलो. चढवेडा यांच्या कंटाळ्याचं काय झालं?

चढवेडा

आहे तिथेच आहे. पण फोर्कला ४० मिमी टायर बसतो का ते मोजून आलो.

नकाशेवाला

नकाशातल्या नुसत्या हिरव्या रेघेवर विसंबून मार्ग आखू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर त्या वाटेवर टिचकी मारून पृष्ठभाग काय लिहिलाय ते वाचा: डांबर, दाबलेली कच, बारीक खडी, माती, गवत. गवत लिहिलं असेल तर वेग निम्मा धरा. काहीच लिहिलेलं नसेल तर उपग्रहाचा फोटो बघा, फिकट पट्टा दिसला तर कच, हिरव्यात दोन रेघा दिसल्या तर गाडीवाट.

उदाहरण म्हणून फ्रान्समधला कनाल द्यू मिदी. हे नाव ऐकून लोक सलग सायकल-मार्ग समजतात. टूलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या 'तो' (Thau) नावाच्या सरोवरापर्यंत २४० किमी. पिएर-पॉल रिके याने १६६६ साली काम सुरू केलं, १६८१ मध्ये कालवा खुला झाला, रिके त्याआधी काही महिने वारला. टूलूझहून पहिले सुमारे ५० किमी डांबरी, तिथे कुठलीही सायकल चालते. पुढे बऱ्याच भागात मातीची पाऊलवाट, कुठे हँडलबारएवढी रुंद, कुठे प्लेन जातीच्या झाडांची मुळं आडवी. तिथे २८ मिमीचे टायर घेऊन आलेले लोक सायकल हातात धरून चालताना दिसतात. याउलट टूलूझच्या दुसऱ्या बाजूला गारोन नदीला समांतर जो कालवा जातो, त्याच्या काठची वाट बहुतेक डांबरी. एकाच प्रवासाचे दोन तुकडे, आणि टायर दोन वेगळे.

आणि सावली गृहीत धरू नका. मिदीच्या काठी सुमारे ४२ हजार प्लेनची झाडं होती. २००६ मध्ये तिथे त्यांच्यावर बुरशीचा रोग सापडला, तेव्हापासून हजारो तोडली. नवी लावताहेत, पण त्यांच्या सावलीला वेळ आहे. जुन्या फोटोंतला हिरवा बोगदा बघून दुपारी निघालात तर मधेच उघड्यावर याल, ऊनही आणि वाराही.

नवीन_पॅडल

बाप रे. मग खरोखर सलग कच्ची आणि तरी सरळ चालवता येईल अशी कुठली?

नकाशेवाला

स्पेनमधला कनाल दे कास्तिया. २०७ किमी, तीन शाखा, १७५३ ते १८४९ असं जवळजवळ शतकभर काम चाललं. बहुतेक खडी-मातीची गाडीवाट, माणूस विरळ. स्वीडनमधला १८३२ सालचा योता कालवा १९० किमीचा, मधे मोठी सरोवरं असल्यामुळे वाट सलग नाही, पण जी आहे ती घट्ट दाबलेली. अमेरिकेत इरी कालव्याच्या पश्चिम भागात स्टोन डस्टची (दगडाच्या भुकटीची) लांबच लांब वाट आहे, नवशिक्याला याहून सोपा पृष्ठभाग मिळणार नाही.

बांधावरची

नदीच्या बांधाचं एक सांगते, मला रोजचं दिसतं म्हणून. पूर ओसरला की वाटेवर बोटभर गाळ राहतो. वरून सुकलेला दिसतो, तडे गेलेले असतात, पण खाली लोण्यासारखा. सायकलवाले तिथेच पडतात. चपलेच्या टोकाने खरवडून बघायचं.

टोचणबहाद्दर

@बांधावरची, तुम्ही सायकल घ्याच. निरीक्षण आमच्याहून चांगलं आहे.

बांधावरची

नको. मला माणसं दिसलेली आवडतात.

नवीन_पॅडल

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचं ठरलेलं: टायर ३८, कारण मोजल्यावर ४० ला मागे जागा कमी पडते. हँडलबारला शिंगं. झाकणाची बाटली. चार दिवसांत ३६० किमी एकाच दिशेने, परत यायचं ट्रेनने. आता एकच शंका. रोज ९० जमेल का? रस्त्यावर मी १०० आरामात करतो.

काठकाठाने

रस्त्यावरचे १०० म्हणजे दाबलेल्या कचेवरचे ७५ ते ८० धरा, मातीवरचे ६०. त्यात पुलांखाली उतरणं, कुत्रेवाले, गेटं. काही गेटांतून लादलेली सायकल नाक वर करून, उभी धरूनच काढावी लागते, तेव्हा बॅगा पटकन सुटतील अशा बांधा. पहिला दिवस ६० चा ठेवा, दुसरा ८०, आणि अंतर वाढवायचंच असेल तर शेवटच्या दोन दिवसांत.

एकाच दिशेने जाताय तर दिशा आत्ता ठरवू नका. मुक्कामांचं आरक्षण रद्द करता येईल असं घ्या, निघायच्या दोन दिवस आधी वाऱ्याचा अंदाज बघा, आणि समोरून येत असेल तर ट्रेन आधी आणि सायकल नंतर करा. कालवा दोन्ही बाजूंनी तितकाच सपाट आहे.

नवीन_पॅडल

हे डोक्यातच आलं नव्हतं! आणि हवा? ३८ च्या टायरला?

टोचणबहाद्दर

सामानासकट पुढे ३८, मागे ४३. पण जायच्या दिवशी सकाळी भरून निघू नका. या शनिवारी सामान बांधून जवळच्या कुठल्याही कच्च्या वाटेवर २० किमी मारा. हात थरथरले तर दोन्हीकडे दोन-दोन कमी. दगडावर रिम वाजली तर मागे तीन वाढवा. जो आकडा बसेल तो मास्किंग टेपवर लिहून पंपाला चिकटवा.